शिवी, सोज्वळपणा आणि दाऊदची आरती

वाशीम जिल्ह्यातल्या एका तरुण मित्राने गेल्या वर्षी आमच्याकडे एक कथा वाचायला पाठवली. मंगरुळपीरच्या एसटी स्टँडवर चहाच्या टपरीत काम करणाऱ्या सलीम नावाच्या पोराची ही कथा. तिच्यात पहाटेची पहिली गाडी आहे, त्या गाडीचा कंडक्टर आहे आणि रोज फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर आहेत. कंडक्टर सलीमला आईबहिणीवरून शिव्या दिल्याशिवाय हाकच मारत नाही. पण पौषाच्या थंडीत तोच आपला मफलर काढून पोराच्या गळ्यात टाकतो. मास्तर कधी आवाज चढवत नाहीत. ते घरून पितळी पेला आणतात, वरून चहा ओतून घेतात आणि मायेने म्हणतात, "तुमच्या लोकांत राहूनही तू किती नीटनेटका राहतोस, बाळा!"

ही कथा आम्ही पाच-सहा साहित्यप्रेमींपुढे वाचून दाखवली. सगळे आपलेच. दोन-तीन शिक्षक, एक वकील, एक किराणा दुकानदार. वाचन झाल्यावर प्रत हातोहात फिरली आणि पेन्सिलीच्या खुणांसह परत आली. कंडक्टरच्या सहाही शिव्यांभोवती गोल होते. "अंक घरात जातो, लेकीबाळी वाचतात," असे समासात लिहिले होते. मास्तरांच्या वाक्याभोवती मात्र गोल नव्हता. पितळी पेल्याभोवतीही नव्हता.

खुणा करणारे वाईट नव्हते. त्यांतल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी असा पेला पाहिलेला आहे. तरीही पेन्सिल शिवीपाशी थांबली आणि पेल्यावरून पुढे गेली. असे का व्हावे? आक्षेपार्ह भाषा म्हणजे काय हे आपण कुणाकडून शिकलो? गेल्या पन्नास-साठ वर्षांत समाजाची समज बदलली असे सारे म्हणतात. ती नेमकी कुठे बदलली आणि कुठे जशीच्या तशी राहिली? या लेखात आम्हाला याचा शोध घ्यायचा आहे.

शिवी कशाला म्हणायचे हे आपल्याकडे दर बारा कोसांवर बदलते. वऱ्हाडात "काय बे", "अबे लेका", "भैताड" ही सलगीची भाषा आहे. कारंज्यात किंवा रिसोडात दोन जिवलग मित्र "बे" न म्हणता बोलू लागले तर काहीतरी बिनसले असे खुशाल समजावे. हाच "बे" पुण्याच्या कानाला उद्धट वाटतो. आपल्या घरातल्या दखनी वळणाच्या उर्दूत आया-आज्या "मुआ", "निगोडा", "नासपीटा" म्हणतच लेकरांना जेवू घालत आल्या. शेजारची मराठी आजी "मेल्या", "मुडद्या" म्हणत नातवाच्या डोक्याला तेल लावते. शब्द एकटा कधीच शिवी नसतो. कोण कुणाला, कोणत्या नात्याने आणि कुणादेखत बोलतो त्यावरून तो शिवी होतो किंवा लाड होतो. बोलीला हे शहाणपण उपजत असते. प्रमाणभाषेची पेन्सिल हाती आली की आपण ते विसरतो.

वाशीमकरांना तर ते विसरण्याचा हक्कच नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. इथला राजा सर्वसेन हा प्राकृत कवी होता. 'हरिविजय' हे काव्य त्याचे. ज्या महाराष्ट्री प्राकृतातून आपली मराठी आली, तिचा मोठा ठेवा म्हणजे 'गाथासप्तशती'. त्यातल्या शेतातल्या आणि नदीकाठच्या बायका देहाविषयी, चोरट्या भेटींविषयी ज्या मोकळेपणाने बोलतात, तो मोकळेपणा आज एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चालणार नाही. आपली भाषा मुळात लाजरी नव्हती, तिला पुढे लाजायला शिकवले गेले.

हे शिकवणाऱ्यांत काव्यशास्त्रही होते. मम्मटाने अश्लील या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकणाऱ्याला लाज वाटते तो एक, किळस येते तो दुसरा आणि अमंगळ वाटते तो तिसरा. उर्दू टीकेतला 'इब्तेजाल' हा शब्दही हलक्या, बाजारी रुचीलाच दोष देतो. या साऱ्या विचारात काळजी आहे ती ऐकणाऱ्याच्या मनाची. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचे काय? त्याचा अवमान होणे हा अश्लीलतेचा चौथा प्रकार कुणी मांडला नाही. आमच्या मते मराठीतल्या अश्लीलतेच्या वादाची मेख इथेच आहे. आपण लाज मोजली, किळस मोजली, अमंगळ मोजले. अवमान मोजला नाही.

न्यायालयातले खटले पाहिले तरी हेच दिसते. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या खटल्यात र. धों. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि तो खटला ते हरले. बा. सी. मर्ढेकरांवर 'काही कविता'साठी अश्लीलतेचा खटला झाला. १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत, हे न्यायालयाने त्या निकालात मान्य केले. कर्वे हरले, मर्ढेकर आणि काकोडकर जिंकले. माप बदलले यात शंका नाही. पण मोजायची वस्तू तिन्ही वेळा एकच होती, देह आणि त्याविषयीची लाज.

या वादातले सर्वांत गाजलेले प्रकरण म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर'. १९७२ साली कमलाकर सारंगांनी ते रंगमंचावर आणले. निळू फुले सखाराम झाले, लालन सारंग चंपा झाल्या. परिनिरीक्षण मंडळाने ३२ ठिकाणी काटछाट सांगितली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढे त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात तो सारा झगडा लिहिला. सखारामच्या तोंडच्या शिव्या, त्याचे दारू पिणे, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणे, रंगमंचावरचे लुगडे बदलणे, या सगळ्यावर महाराष्ट्र बोलला. तेंडुलकरांच्या बाजूचे बोलले, विरोधातलेही बोलले.

पण या नाटकात दाऊद नावाचा एक माणूस आहे. सखारामचा मित्र. मुसलमान. घरात गणपती बसला आहे, आरती सुरू होते आणि दाऊदही सर्वांबरोबर आरती म्हणू लागतो. लक्ष्मीला ते खपत नाही. मुसलमानाने आरती कशी म्हणायची? लक्ष्मी म्हणजे देवभोळी, सोज्वळ, मुंगळ्याशी गप्पा मारणारी, मुंगीलाही न दुखावणारी बाई. तिच्या तोंडात अख्ख्या नाटकात एक घाण शब्द नाही. आणि तीच एका माणसाला देवापुढून उठवते. सखाराम खवळतो. तो शिवराळ, दारुडा, बायकांना राबवणारा. पण दाऊद आपल्या घरात आरती म्हणेल यात त्याला काही वावगे दिसत नाही.

आक्षेपाच्या यादीत शिव्या होत्या. त्या काळी या नाटकावर जे जे आमच्या वाचनात आले, त्यात लक्ष्मीच्या त्या वागण्याला आक्षेपार्ह म्हणणारे आम्हाला आढळले नाही. बाजू घेणाऱ्यांनीही भर दिला तो कलावंताच्या स्वातंत्र्यावर, स्त्रीपुरुष संबंधांवर आणि मध्यमवर्गाच्या ढोंगावर. दाऊदकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. आम्हीही पहिल्यांदा हे नाटक वाचले तेव्हा शिव्याच मोजल्या, हे कबूल केले पाहिजे. पुढे स्वतःवर तसा प्रसंग आला आणि मग ते पान पुन्हा उघडावे लागले.

तेंडुलकरांना सगळे श्रेय देऊन मोकळेही होता येणार नाही. सखाराम दाऊदची बाजू घेतो म्हणजे काय करतो? लक्ष्मीला मारतो. मुसलमानाच्या मानाची किंमत एका निराधार बाईच्या पाठीवर वसूल होते. अशा न्यायाला आपण टाळी देऊ शकत नाही. दुसरे असे की दाऊदच्या मनात त्या क्षणी काय झाले, हे नाटक सांगत नाही. तो गप्प झाला तो दुखावून, की सवयीने? त्याच्या घरी कोण आहे, त्याच्या आईला हे कळले असते तर ती काय म्हणाली असती? पुढे तर त्याचा आणि चंपाचा चोरटा संबंध जुळतो, लक्ष्मी ते सखारामला सांगते आणि चंपाचा जीव जातो. दाऊदच्या वाट्याला शेवटी मित्राचा विश्वासघात करणारा हीच भूमिका येते. तेंडुलकरांनी दाऊदला आरतीपर्यंत आणले, त्याला जुबान दिली नाही.

ती जुबान देण्याचे काम आपले होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते याच गरजेतून, असे आम्ही मानतो. मराठी लिहिणाऱ्या मुसलमानाने केवळ मराठीत लिहावे एवढेच त्यामागे नव्हते. मराठी साहित्यातल्या दाऊदची बाजू त्याने दाऊदच्या जागेवरून सांगावी, असे होते. आणि दाऊदची बाजू सांगायची तर त्याच्या कानावर जे पडते ते सगळे लिहावे लागेल. कंडक्टरची शिवी लिहावी लागेल, मास्तरांचे गोड वाक्यही लिहावे लागेल.

दलित साहित्याने हे आपल्याआधी ओळखले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चाच. तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि त्यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत, असे मोकळेपणाने सांगितले. ज्या वस्तीने आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, तिने त्या शिव्या कवितेत मांडल्या तेव्हा समाजाला किळस आली. शतकानुशतके त्या वस्तीला नावे ठेवताना मात्र किळस आली नव्हती. आपल्या म्हणींचे कोश उघडून पाहावेत. जातीच्या नावावर बेतलेल्या म्हणी शाळेत पाठ करून घेतल्या जात. त्यांत देहाचा एक शब्द नसे, म्हणून त्या सभ्य होत्या.

खरा बदल झाला तो इथे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांदेखत अपमान करणे हा गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हे त्यात स्वतंत्रपणे घातले. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. मम्मटाला न सुचलेला चौथा प्रकार कायद्यात आला तो बाबासाहेबांच्या चळवळीने लढून आणला म्हणून. समाज आपोआप सभ्य झाला म्हणून तो आला नाही.

मुसलमानासाठी वापरले जाणारे शब्द मात्र अजून जागेवरच आहेत. 'लांड्या' हा शब्द आमच्यातल्या बहुतेकांनी प्रथम शाळेच्या मैदानावर ऐकला. तो इथे आम्ही पूर्ण लिहितो आहोत, कारण ज्याच्यावर तो फेकला गेला त्याने तरी त्याला भिऊ नये. बखरींतला 'अविंध', पोवाड्यांतला 'यवन', ऐतिहासिक कादंबऱ्यांतला 'म्लेंच्छ' हे तर वाङ्मयीन अलंकार मानले जातात. कुणी ते काढून टाकावेत असे आम्ही म्हणत नाही. बखर बखरीसारखीच वाचावी. पण तीनशे वर्षांपूर्वीचा शब्द आजचा कादंबरीकार आपल्या निवेदनात सहज वापरतो, तेव्हा टीकाकाराने पेन्सिल उचलायला हवी की नको?

आजचे चित्र असे आहे. देहाच्या शिव्यांबाबत समाज सैल झाला. मोबाइलवरच्या मालिका आणि विनोदी कार्यक्रम यांत सखाराम लाजेल अशी भाषा चालते आणि एका घरातली माणसे आपापल्या पडद्यावर ती ऐकतात. पण त्याच वेळी नावांबाबत समाज कमालीचा हळवा झाला. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९८० च्या दशकातली. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या खाजगी वितरणाच्या एका पत्रिकेत आली आणि खटला झाला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रिकेच्या प्रकाशकाला आणि मुद्रकाला मोकळे केले, कारण प्रकाशकाने आधीच माफी मागितली होती. कवीला मात्र खटल्याला तोंड द्यायला सांगितले. थोर ऐतिहासिक पुरुषाचे नाव घेऊन अश्लील शब्द वापरला तर समाजाचे माप अधिक कडकपणे लावावे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. माप पुन्हा बदलले. 'श्यामा'च्या वेळी काय लिहिले हा प्रश्न होता. आता कुणाचे नाव घेऊन लिहिले हा प्रश्न पुढे आला.

आणि ज्या भाषणांनी माणसांच्या वस्त्या हादरतात, त्यांत पुष्कळदा एकही शिवी नसते. शुद्ध मराठीत, नमस्कार करून, अमक्यांच्या दुकानातून माल घेऊ नका असे सांगितले जाते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. माणसाचे पोट मारण्याचे, त्याच्यावर हात उगारण्याचे आवाहन कायद्यानेच रोखले पाहिजे. त्याखालच्या पायरीवर जे आहे, तो पितळी पेला, ते 'तुमच्या लोकांत राहूनही', ते कायद्याच्या चिमटीत सापडत नाही, सापडूही नये. ते टीकेचे क्षेत्र आहे.

इथवर वाचताना आपल्या वाचकाला बरे वाटले असेल. आता थोडे आपल्याकडे वळू. धार्मिक भावना दुखावण्याचे २९५ अ हे कलम १९२७ चे. लाहोरात निघालेल्या 'रंगीला रसूल' या पुस्तिकेचा प्रकाशक उच्च न्यायालयात सुटला, मुसलमानांत संताप उसळला आणि त्याच वर्षी हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने उभे आहे. आपण ढाल म्हणून मागितलेली ही वस्तू पुढे कुणाच्या हातात गेली? २०२१ च्या जानेवारीत इंदूरला मुनव्वर फारुकी या विनोदी कलावंताला याच कलमाखाली पकडले. सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत तो महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होता.

आणि २०१५ च्या जानेवारीत आपण काय केले? मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो'च्या बातमीसोबत त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ छापले. चूक लक्षात येताच त्यांनी माफी मागितली. तरी ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, मुंबई आवृत्ती बंद पडली आणि एका कष्टाळू बाईला तोंड लपवून राहावे लागले. ज्यांनी हे केले त्यांतले कितीतरी अत्यंत अदबीने बोलणारे, तहजीब जपणारे लोक होते. त्यांच्या निषेधाच्या पत्रकांत अपशब्द नसतील. पण त्यांनीही एका माणसाला आरतीतून उठवलेच. लक्ष्मी फक्त शेजारच्या घरात असते, असे समजून आपण सुटू शकत नाही.

दुखावले जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आम्हालाही आहे. नबीविषयी वाईट बोलले की काळीज दुखते, ते खोटे नाही. पण दुखऱ्या काळजाने काय करायचे हे ठरवता येते. उत्तर लिहिता येते, अंक परत पाठवता येतो, सभेतून उठून जाता येते. बोलणाऱ्याची भाकरी काढून घेणे हे उत्तर नव्हे. मर्ढेकरांसाठी, ढसाळांसाठी, गुर्जरांसाठी जे स्वातंत्र्य आपण मागतो, ते शिरीन दळवींनाही लागू आहे. आपल्या सोयीचे तेवढेच स्वातंत्र्य मागणाऱ्याला पुढे स्वतःसाठी मागायला तोंड राहत नाही.

आता पुन्हा त्या कथेकडे. पेन्सिलीच्या खुणांसह ती मंगरुळपीरला परत गेली. महिन्याभराने नवी प्रत आली. तरुण मित्राने सहाही शिव्या काढल्या होत्या. कंडक्टर आता "अरे मुला" म्हणत होता. त्यामुळे त्याचा मफलर कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या मफलरासारखा झाला होता. त्याहून वाईट म्हणजे, कुणी सांगितले नसताना, त्याने मास्तरांचे वाक्यही काढले होते. कारण विचारल्यावर म्हणाला, "सर, शिव्यांवर एवढं बोलले, मग मास्तरांवरून तर वादच होईल. आमचे गुरुजी गावातच राहतात."

पेन्सिलीने शेवटी काय केले ते इथे दिसते. तिने खुणा केल्या शिव्यांवर आणि गप्प केले ते पेल्याविषयी बोलू पाहणाऱ्या पोराला. जे वाक्य कुणालाच आक्षेपार्ह वाटले नव्हते, ते उघड करायची हिंमत त्याने एकट्याने केली होती. आणि तीच आपल्या सभ्यपणापायी गेली. नव्या प्रतीत सलीम आहे, चहा आहे, पहाट आहे. दाऊद मात्र पुन्हा गप्प झाला आहे.

आम्ही त्या मित्राला पत्र लिहून पहिली प्रत परत मागवली आहे. त्या बैठकीतल्या मंडळींनाही पुन्हा बोलावणार आहोत. या वेळी वाचन झाल्यावर प्रत फिरवताना पेन्सिलही देऊ. फक्त एवढीच विनंती करू की, या कथेत कुणी कुणाला बाहेर काढले आहे तेवढ्याच जागेवर गोल करावा. लेकीबाळी वाचतील, म्हणून तर तो गोल हवा.